बंद लॅपटॉपमधली भुलाबाईची गाणी: फाईल मिळण्यापासून वाचता येण्यापर्यंत

लॅपटॉप २००९ सालचा. विंडोज एक्सपी, १६० जीबीची हार्ड डिस्क, आणि मागची काही वर्षं लोखंडी कपाटात साड्यांखाली पडून. बटण दाबलं की काहीच होत नव्हतं. दिवा लागत नव्हता, पंखा फिरत नव्हता. मालकीण नागपूरच्या निवृत्त शिक्षिका. भिवापूर, उमरेड, कुही या तालुक्यांत नोकरी करताना त्यांनी गावोगावच्या बायांकडून भुलाबाईची गाणी आणि जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतल्या. मिरची सातऱ्यावर, म्हणजे मिरची निवडायच्या जागेवर, देठं खुडत बसलेल्या बायांकडून घेतलेली गाणी त्यात सगळ्यात जास्त. आधी वह्यांत लिहिलं, मग या लॅपटॉपवर टाइप केलं. काही गाणी आवाजात टिपली होती. वह्यांपैकी बऱ्याच वाळवीने खाल्ल्या, त्यामुळे एकमेव प्रत राहिली ती या बंद यंत्रात.

त्यांच्या मुलाने लॅपटॉप आधी बर्डीवरच्या एका दुरुस्तीच्या दुकानात दाखवला होता. तिथलं उत्तर त्याने मला जसंच्या तसं सांगितलं: "मदरबोर्ड गेला म्हणते, पार्ट भेटत नाही म्हणते, आता डेटा विसरा म्हणून राहिला तो." यातल्या पहिल्या दोन गोष्टी खऱ्या होत्या. तिसरी त्यांच्यातून निघत नाही. मदरबोर्ड जळाला म्हणून हार्ड डिस्कवर लिहिलेलं पुसलं जात नाही, आणि एवढी साधी गोष्ट कुणी न सांगितल्यामुळे किती घरांतले फोटो, हिशेब आणि लिखाण भंगारात जातं याचं मला मनापासून वाईट वाटतं. पण हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं त्याचं कारण पुढचं आहे. फाईल सुखरूप हाती आल्या तेव्हा काम निम्मंच झालं होतं. जुन्या मराठी मजकुराच्या बाबतीत फाईल मिळणं आणि ती वाचता येणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसरं काम बहुतेक ठिकाणी कुणी करतच नाही.

यंत्र मेलं, डिस्कचं काय?

आधी चार्जर तपासला. मल्टिमीटरवर १९ व्होल्टच्या आसपास दाब येत होता, म्हणजे चार्जर ठीक. बॅटरी फुगलेली होती. ती आधी बाजूला काढली, कारण फुगलेली लिथियम बॅटरी दाबली किंवा टोचली गेली तर पेट घेऊ शकते. बॅटरीशिवाय नुसत्या चार्जरवरही लॅपटॉप निपचित राहिला. बोर्ड दुरुस्त करायच्या फंदात पडलो नाही. लॅपटॉप चालू करणं हे आपलं काम नव्हतं.

त्या काळच्या लॅपटॉपांची एक सोय फार मोलाची आहे. खालच्या बाजूचं झाकण दोन-तीन स्क्रू काढले की उघडतं आणि अडीच इंची डिस्क सरकवून बाहेर घेता येते. ही डिस्क साटा जोडणीची होती: डेटासाठी ७ पिनांची पट्टी, विजेसाठी शेजारी १५ पिनांची. त्याहून जुन्या लॅपटॉपांत ४४ पिनांची आयडीई जोडणी सापडते, तिला वेगळा अडॅप्टर लागतो. साटाची डिस्क यूएसबीला जोडणारी केबल काही शे रुपयांत मिळते आणि अडीच इंची डिस्कला लागणारी ५ व्होल्ट वीज यूएसबीतूनच मिळते. बंद लॅपटॉपमधून फाईल काढायला एवढंच सामान पुरतं, असं कितीतरी प्रकरणांत होतं.

हेच नव्या लॅपटॉपबाबत म्हणता येत नाही, म्हणून इथेच सांगून टाकतो. अलीकडच्या अनेक विंडोज लॅपटॉपांत डिस्कवरचा मजकूर विंडोजच्याच बिटलॉकर या सोयीने कुलूपबंद असतो. मालकाने स्वतः तसं केलेलं नसलं तरी असू शकतो. डिस्क काढून दुसरीकडे लावली की ती ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते. ती नसेल तर डिस्क ठणठणीत असूनही आतलं काही हाती लागत नाही. २०१८ नंतरच्या बऱ्याच मॅकबुकमध्ये साठवणीच्या चिपा बोर्डावरच डकवलेल्या असतात आणि कुलपाची किल्लीही त्याच बोर्डात असते. तिथे बोर्ड जिवंत केल्याशिवाय गत्यंतर नाही. बाईंचा लॅपटॉप जुना होता हे इथे नशीबच म्हणायचं.

डिस्क लगेच विंडोजला का लावली नाही

डिस्क हातात आल्यावर ती सरळ चालू संगणकाला जोडून फाईल ओढून घ्याव्यात, असं कुणालाही वाटेल. मुलालाही तसंच वाटत होतं. पण बरीच वर्षं न फिरलेली डिस्क किती तग धरेल याचा भरवसा नसतो. विंडोज डिस्क जोडल्याबरोबर तिच्यावर लिहायला लागतं: नोंदी, सूची, दुरुस्तीचे प्रयत्न. डिस्कच्या महत्त्वाच्या जागी एखादं सेक्टर, म्हणजे साठवणीचा छोटा कप्पा, खराब असेल तर वापरण्याआधी डिस्क फॉर्मॅट करावी लागेल अशी पाटी येते आणि घाईत माणूस होकार देतो. विंडोजचा डिस्क तपासून दुरुस्त करणारा चेकडिस्कही अशा वेळी घातक. तो डिस्कची रचना जुळवून देतो खरा, पण ती जुळवताना न वाचलेल्या फाईलच्या नोंदी पुसून टाकू शकतो.

म्हणून मी विंडोजऐवजी पेनड्राइव्हवरून लिनक्स ही दुसरी प्रणाली चालू केली, जोडलेली डिस्क आपोआप उघडण्याची सोय बंद केली आणि मगच केबल लावली. पहिलं काम कानाने. डिस्क एकसारख्या आवाजात फिरत होती, टकटक नव्हती. ठरावीक अंतराने टकटक आली असती तर त्याच क्षणी वीज काढून घेतली असती, कारण तो बहुधा वाचणारं हेड निकामी झाल्याचा आवाज असतो आणि प्रत्येक फेऱ्यात तबकडीवर ओरखडे उठू शकतात. फिरत्या तबकडीपासून हेड काही नॅनोमीटरवर तरंगतं. धुळीचा साधा कण त्याहून हजारपट मोठा असतो. अशी डिस्क घरच्या टेबलावर उघडणं म्हणजे तिचा शेवट करणं. ते काम निर्धूळ खोली असलेल्या प्रयोगशाळेचं, महागडं, पण दुसरा मार्ग नाही. डिस्क फ्रीजमध्ये ठेवून चालते असं सांगणारे आजही भेटतात. बाहेर काढल्यावर तबकडीवर दव धरतं, एवढं ध्यानात घेतलं तरी तो विचार सोडून द्यावासा वाटेल.

आवाज ठीक असल्याने डिस्कच्या स्वतःच्या नोंदी वाचल्या. हार्ड डिस्क आपल्या तब्येतीचा हिशेब स्मार्ट नावाच्या तक्त्यात ठेवते. त्यातल्या तीन ओळी मी आधी बघतो: ५ क्रमांकाची, म्हणजे किती सेक्टर खराब ठरवून बदलले, १९७ क्रमांकाची, म्हणजे कितींबद्दल डिस्कला शंका आहे, आणि १९८, म्हणजे कुठली वाचताच आली नाहीत. बाईंच्या डिस्कवर १९७ च्या पुढे शून्य नव्हतं. डिस्क थकलेली होती, पण अजून वाचून देत होती. अशा डिस्कवर एकेक फोल्डर उघडून शोधाशोध करणं म्हणजे तिचं उरलेलं आयुष्य शोधण्यात घालवणं. आधी संपूर्ण डिस्कची हुबेहूब प्रतिमा, म्हणजे सेक्टरन् सेक्टरची नक्कल, एका फाईलमध्ये घ्यायची आणि मग मूळ डिस्कला हात लावायचा नाही, एवढंच धोरण ठेवलं.

प्रतिमेसाठी डीडीरेस्क्यू वापरलं. हा ग्नू प्रकल्पातला मोफत प्रोग्रॅम आहे आणि त्याची कामाची रीत मला फार शहाणपणाची वाटते. साधी कॉपी खराब जागेवर आली की तिथेच घुटमळते, डिस्क तेच सेक्टर पुन्हा पुन्हा वाचत बसते, तापते, आणि मागे पडलेला चांगला भागही धोक्यात येतो. डीडीरेस्क्यू खराब जागा ओलांडून पुढे जातो, जे सहज वाचता येतं ते सगळं आधी गोळा करतो, आणि मग मागे राहिलेल्या तुकड्यांकडे कडेकडेने वळतो. काय वाचलं आणि काय राहिलं याचा नकाशा तो एका वेगळ्या फाईलमध्ये लिहीत जातो. त्यामुळे मध्येच थांबता येतं आणि जिथे सोडलं तिथून पुन्हा सुरू करता येतं.

मध्येच थांबता येणं नागपुरात नुसती सोय नसते. काम मे महिन्यातलं, पारा ४५ च्या वर. अशा डिस्कला साधारण ६० अंशांपर्यंतचं तापमान चालतं असं कंपन्या लिहितात, पण खराब सेक्टर वाचताना ती स्वतःच तापत असते आणि भोवतालची हवा आधीच भट्टीसारखी. म्हणून तक्त्यातली १९४ क्रमांकाची तापमानाची ओळ डोळ्यासमोर ठेवली. आकडा ५० कडे सरकू लागला की काम थांबवायचं, डिस्क गार होऊ द्यायची. डिस्कवर छोटा पंखा सोडला, पण डेझर्ट कूलरची ओली हवा तिच्यावर थेट येणार नाही एवढं बघितलं. मोठा टप्पा रात्री उशिरा, हवा जरा निवल्यावर चालवला.

यूएसबी २ वरून १६० जीबीची निरोगी डिस्क दीड-दोन तासांत वाचून होते. इथे बहुतेक भाग तसाच पटकन आला आणि उरलेल्या थोडक्यासाठीच फार वेळ गेला. खराब डिस्कचं असंच असतं. अखेर न वाचलेला भाग एक एमबीच्याही आत राहिला. तेव्हा मूळ डिस्क बंद करून पिशवीत घातली. पुढचं सगळं काम प्रतिमेवर, आणि तेही प्रतिमेची आणखी एक प्रत काढून.

कुठल्या फाईलला मार लागला

प्रतिमा फक्त वाचण्यापुरती उघडली. एक्सपीमध्ये वापरणाऱ्याच्या फाईल 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज' या फोल्डरखाली असतात. पण जुन्या लॅपटॉपवर माणसं कागद कुठेही ठेवतात: डेस्कटॉपवर, सरळ सी ड्राइव्हच्या मुळाशी, डी ड्राइव्हवर. म्हणून फोल्डर पाहत बसण्यापेक्षा फाईलचा प्रकार आणि तारीख यांवरून शोध घेतला. बाईंची गाणी डी ड्राइव्हवर निघाली, गावांच्या नावाने नीट लावलेली.

मागे राहिलेला तो थोडासा भाग नेमका कुठल्या फाईलमध्ये होता हे शोधणं आवश्यक होतं. बरेच जण इथे 'सगळं आलं' म्हणून मोकळे होतात आणि काही महिन्यांनी एखादी फाईल मध्येच तुटलेली निघते. डीडीरेस्क्यूमध्ये यासाठी उत्तम सोय आहे. नकाशात खराब म्हणून नोंदलेल्या जागा प्रतिमेच्या प्रतीत आपल्या आवडीच्या खुणेच्या शब्दाने भरून टाकायच्या. मग सगळ्या फाईलमध्ये तो शब्द शोधायचा. ज्या फाईलमध्ये तो सापडेल ती जखमी. बहुतेक खुणा विंडोजच्या स्वतःच्या फाईलमध्ये आणि रिकाम्या जागेत सापडल्या. बाईंच्या कामापैकी दोन ध्वनिमुद्रणं आणि ओव्यांची एक वर्ड फाईल यांना मार बसला होता.

एमपी३ फाईल अशा वेळी बऱ्यापैकी सोसते. मधले काही तुकडे गेले तरी तिथे आवाज अडखळतो आणि पुढे चालू राहतो. दोन्ही मुद्रणं अशीच वाचली. वर्ड फाईलचं तसं नाही. तिच्या आतल्या रचनेलाच धक्का लागला तर ती उघडतच नाही. वर्डमध्ये कुठल्याही फाईलमधून नुसता मजकूर उपसून काढण्याचा पर्याय आहे. त्याने तिच्यातला बराचसा मजकूर आला, मध्ये एक खिंडार सोडून.

आणि मग अक्षरं

फाईल पेनड्राइव्हवर घालून बाईंच्या घरच्या नव्या संगणकावर उघडल्या. पडद्यावर उमटलं ते इंग्रजी अक्षरांचं कडबोळं, मधूनच डोक्यावर टिंबं आणि टोप्या असलेली परदेशी अक्षरं. मुलगा म्हणाला, "करप्ट झाल्या ना सगळ्या." बाई काही बोलल्या नाहीत.

एकही फाईल करप्ट नव्हती. २००९ च्या सुमारास एक्सपीवर मराठी लिहिणारे बहुतेक लोक श्रीलिपी, आयएसएम, कृतिदेव अशा पॅकेजांवर आणि फॉन्टवर लिहीत. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतःचे क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, देवनागरी १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, पण एक्सपीवर ती नीट दिसायला एक वेगळा पर्याय चालू करावा लागे आणि बहुतेक वेळा त्यासाठी विंडोजची सीडी मागितली जाई. छपाईची दुकानंही जुन्या फॉन्टवरच चालत. या फॉन्टमध्ये फाईलच्या आत देवनागरी अक्षर साठवलेलंच नसतं. साठवलेलं असतं लॅटिन अक्षराचं सांकेतिक मूल्य, आणि फॉन्ट त्याच्या जागी देवनागरी आकार काढून दाखवतो. कृतिदेवमध्ये 'क' हा प्रत्यक्षात इंग्रजी 'डी' म्हणून साठवला जातो आणि पहिली वेलांटी इंग्रजी 'एफ' म्हणून. फॉन्ट नसला तर मजकूर शाबूत असूनही मुका. म्हणून जुन्या मराठी फाईलच्या बाबतीत फॉन्ट हा फाईलचाच अर्धा भाग समजावा, असं माझं ठाम मत आहे. कुणाचा जुना संगणक रिकामा करताना दस्तऐवजांबरोबर विंडोजच्या फोल्डरमधला फॉन्ट्स नावाचा फोल्डरही उचलायचा. दोन मिनिटांचं काम असतं. डिस्क एकदा फॉर्मॅट झाली की तो नेमका फॉन्ट, त्याच आवृत्तीचा, शोधत फिरावं लागतं.

आपल्याकडे संपूर्ण डिस्कची प्रतिमा होती, म्हणून तो फोल्डरही होता. वर्ड फाईलमध्ये वापरलेल्या फॉन्टचं नाव लिहिलेलं असतं. लिबरऑफिस या मोफत प्रोग्रॅममध्ये फाईल उघडली की नसलेल्या फॉन्टचं नाव तिरप्या अक्षरांत दिसतं. नावं जुळवून फॉन्ट काढले. आधीच्या फाईल एका पॅकेजच्या फॉन्टमध्ये होत्या, नंतरच्या कृतिदेवमध्ये. ते बसवून पहिली फाईल पुन्हा उघडली, आणि बाईंनी खुर्ची पुढे ओढून चष्मा न लावताच गाणं म्हणायला सुरुवात केली. पाठच होतं त्यांना. दुसऱ्या कडव्यापाशी थांबून त्या म्हणाल्या, "हे कडवं मी विसरले होते बघा."

फॉन्ट बसवून काम भागतं, पण ते कायमचं नव्हे. उद्या संगणक बदलला की पुन्हा तेच. म्हणून दोन रूपांत मजकूर काढला. एक पीडीएफ, फॉन्ट आत बसवलेली, म्हणजे बाईंनी टाइप केलं तसंच कुठल्याही यंत्रावर दिसेल. दुसरं युनिकोड, म्हणजे शोधता येईल, दुरुस्त करता येईल, मोबाईलवर पाठवता येईल.

जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये नेणारी रूपांतरकं मोफत मिळतात. त्यांच्या उत्तरावर डोळे झाकून विसंबणं मात्र मराठीला परवडत नाही. पहिली वेलांटी जुन्या फॉन्टमध्ये डोळ्याला दिसते तशी अक्षराच्या आधी साठवलेली असते. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफारही असाच हलवावा लागतो. जोडाक्षर आलं की रूपांतरक चुकतो आणि वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते. कृतिदेवची अनेक रूपांतरकं हिंदीसाठी केलेली आहेत. हिंदीत नसलेला आपला अर्धा ऱ्य, ऱ्ह तिथे हमखास मार खातो. बाईंच्या संग्रहात 'सातऱ्यावर', 'दुसऱ्या', 'नवऱ्याची', 'तऱ्हा' असे शब्द पानोपानी. ते सगळे मोडले होते. शिवाय कृतिदेवच्या फाईलमध्ये बाईंनी तारखांसोबत काही शब्द इंग्रजीत लिहिले होते. रूपांतरकाने त्यांनाही कृतिदेव समजून देवनागरी गिचमीड करून टाकली. त्यामुळे सबंध मजकूर एकदम न बदलता, ज्या तुकड्याला कृतिदेव लावलेला आहे तेवढाच बदलायचा, अशी रीत ठेवली.

तरीही शेवटचं वाचन माणसानेच करायला हवं होतं, आणि ते बाईंनी केलं. त्याला कारण होतं. शुद्धलेखन तपासणारा कुठलाही प्रोग्रॅम या गाण्यांतली वऱ्हाडी आणि झाडीबोलीची रूपं चूक ठरवून प्रमाण मराठी सुचवतो. तो स्वीकारला असता तर गाणी पुस्तकी झाली असती आणि ती म्हणणाऱ्या बायांचा आवाज त्यातून गेला असता. बाईंनी पीडीएफ एका बाजूला आणि युनिकोड दुसऱ्या बाजूला ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहिली. भाद्रपद पौर्णिमेला भुलाबाई बसते आणि कोजागिरीला उठते. मोहल्ल्यातल्या मुलींसाठी त्या पौर्णिमेआधी निदान भुलाबाईची गाणी तयार व्हावीत असा त्यांचा आग्रह होता, म्हणून ओव्या मागे ठेवल्या.

आज संग्रहाच्या तीन प्रती आहेत: एक बाईंच्या घरी बाहेरच्या डिस्कवर, एक मुलाकडे दुसऱ्या शहरात, एक ऑनलाइन साठवणीत. प्रत्येकीत मूळ फाईल, त्यांचे फॉन्ट, पीडीएफ आणि युनिकोड असं सगळं एकत्र आहे. मूळ डिस्कही टाकलेली नाही. पुढेमागे एखाद्या प्रयोगशाळेला तो न वाचलेला भाग काढता आला तर आला. तिच्यावर तारीख आणि 'चालू करू नये' असं लिहून ठेवलं आहे.

ओव्यांच्या जखमी फाईलमधलं खिंडार तेवढं उरलं. मुलगा म्हणाला, तुला आठवतात त्या ओळी घाल ना मध्ये. बाईंनी नाही म्हटलं. ती जागा त्यांनी रिकामी ठेवायला लावली, तिथे ओव्या सांगणाऱ्या बाईचं गाव लिहिलं, आणि स्वतःला आठवलेल्या ओळी खाली वेगळ्या, 'आठवणीतून' असं नोंदवून, त्या दिवसाच्या तारखेसह टाइप केल्या. युनिकोडमध्ये.